दवाखान्याच्या दारातली फी

मुलांना आम्ही सनावळ्या पाठ करायला लावतो, त्यांत अल्मा-आता नसते. १९७८ साली तिथे 'सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य' हे ध्येय ठरले. अवघ्या ९ वर्षांनी मालीची राजधानी बामाको येथे आफ्रिकेचे आरोग्यमंत्री जमले अन् औषधांचे पैसे रुग्णांकडून घेण्याची योजना निघाली. कर्जबाजारी सरकारांच्या दवाखान्यांत औषधेच नव्हती, हेही खरे. पण गरिबाने काय करावे? केनियाने १९८९ मध्ये फी लावली. रुग्ण घटले, पुढच्याच वर्षी बाह्यरुग्णांची फी थांबवावी लागली. युगांडाने २००१ मध्ये ती रद्द करताच दवाखान्यांत गर्दी उसळली. म्हणजे आजारी माणसे होतीच, घरी पडून होती! मालीने २००५ मध्ये सिझेरियन मोफत केले. अडलेल्या बाईला खेड्यातून इस्पितळात आणण्याचे भाडे मात्र अनेकदा घरच्यांच्याच माथी राहिले.