धुराची तक्रार आणि आंघोळीचं पाणी

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत एक अर्ज फिरला. बिबवेवाडीत आमच्या बाल्कन्या अप्पर इंदिरानगरच्या बाजूला आहेत. पहाटे साडेपाच-सहाला वस्तीतून धूर येतो, थंडीत तर तो खालीच बसून राहतो. महापालिकेने या चुली बंद कराव्यात, असं अर्जात म्हटलंय. ग्रुपवर एकाने टाकलं, "गॅस मिळाला तरी यांना चूलच पाहिजे!"

सही करण्याआधी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना विचारलं. त्या तिथेच राहतात. हसल्या. "स्वैपाक गॅसवरच होतो की दादा. चूल आंघोळीच्या पाण्याला."

मग मी हिशोब मांडला. घरात पाच माणसं, माणशी दहा लिटर पाणी, चाळीस अंशांनी तापवायचं. शेगडीत वाया जाणारी उष्णता धरली तर दिवसाला साधारण 300 ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे 14.2 किलोचं सिलिंडर दीड महिन्यात नुसत्या आंघोळीत संपणार. उलट मार्केट यार्डातली फळांची मोडकी खोकी किंवा बांधकामावरच्या फळ्या फुकट नाहीतर फुकटासारख्या मिळतात. मावशींचं गणित चुकलेलं नाही. चुकलंय ते आपलं, आणि ते बरंच जुनं आहे.

बिनधुराच्या चुलीचा इतिहास आपल्याकडे वर्ध्यापासून सुरू होतो असं म्हणायला हरकत नाही. मगनवाडीत कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघात, स्वातंत्र्याच्या आसपास, 'मगन चूल' तयार झाली. मातीची, बंद तोंडाची, धुराडं असलेली. पुढे 1953 मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजूंनी अशाच चुलीवर पुस्तिका काढली. दोघांचं लक्ष स्वयंपाकघरावर होतं आणि त्या काळी ते बरोबरच होतं. बाई दिवसाचे कित्येक तास तिथेच धूर खात बसायची.

मग 1983 साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. 2002 पर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या. निकष होता उष्णतेच्या वापराचा: एका जागी बसवलेली चूल निदान 20 टक्के, उचलून नेता येणारी 25 टक्के. तीन दगडांच्या चुलीत लाकडातली दहा-पंधरा टक्के उष्णताच भांड्याला पोचते, म्हणजे कागदावर ही मोठी झेप होती. पण अनुदान चूल बसवण्याला होतं, टिकवण्याला नव्हतं. गवंड्याने आतलं माप दोन बोटं इकडेतिकडे केलं की चूल नीट ओढायची नाही. धुराडं काजळीने भरलं की धूर परत घरात. चिरा पडल्या की बुजवायला कोण येणार? आकडा मात्र सरकारी वहीत एकदा चढला की उतरत नाही. लाखो चुली अशा मोडून गेल्या.

इथे पुण्याचं नाव घ्यायलाच हवं. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये 'आरती' ही संस्था सुरू केली. या कार्यक्रमाच्या शेवटच्या वर्षांत महाराष्ट्रातलं तांत्रिक काम संस्थेकडे होतं. त्यांनी जे केलं ते दिसायला किरकोळ, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: चुलीचा साचा बनवला. चुलीचा सगळा गुण आतल्या मापांत असतो, मग ती मापं कारागिराच्या अंदाजावर कशाला सोडायची? कुंभाराने साच्यातून 'लक्ष्मी', 'भाग्यलक्ष्मी' चुली काढायच्या आणि विकायच्या. बिघडली तर विकणारा गावातच! उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करण्याच्या त्यांच्या पद्धतीला 2002 मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्या कोळशावरच्या 'सराई' कुकरमध्ये 100 ग्रॅममध्ये चार-पाच माणसांचा वरण-भात-भाजी होते.

नंतर 'ऊर्जा' आली. बंगळूरच्या विज्ञान संस्थेचं तंत्र, आत छोटा पंखा, जळण म्हणजे शेतकचऱ्याच्या कांड्या, कंपनी पुण्यातली. काही लाख शेगड्या खपल्या. पण त्या कांड्या कंपनीकडूनच घ्यायच्या, आणि शेतकचऱ्याला दुसरी गिऱ्हाइकं मिळाली तसा त्यांचा भाव चढत गेला. शेगडी धड होती, जळण परवडेना.

2016 मध्ये उज्ज्वला योजना आली. गॅस आला, आणि स्वयंपाकाची चूल खरंच बाहेर गेली. पण बाहेर जाऊन विझली नाही. वर तेलाचा पत्र्याचा डबा, खाली तीन विटा. म्हणजे 1983 च्याही मागे.

गंमत म्हणजे पाणी तापवण्याचं उत्तम यंत्र मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं. बंब! मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, वर धुराडं. ज्वाळा सगळीकडून पाण्यानेच वेढलेली, उष्णता जाणार कुठे? माझ्या आजोळचा तांब्याचा बंब तीन पिढ्या चालला, डाग देऊन देऊन. तांबट आळीत अजून बंब मिळतात, पण तांब्याचा भाव वस्तीला झेपणारा नाही. पत्र्याचा स्वस्त बंब पाण्याने गंजतो. आणि लाकूड ओलं असेल, किंवा त्यावर रंग-प्लायवूड असेल, तर बंबसुद्धा धूर काढतोच, तोही आपल्याच नाकात जाणारा. म्हणजे काम शिल्लक आहे: न गंजणारी टाकी, आत हवा नीट खेळेल अशी जाळी, मापं साच्यात पक्की, आणि किंमत दोन-तीन सिलिंडरांच्या आत. एवढी चुलींची संशोधनं या शहरात झाली, त्यांतली किती आंघोळीच्या पाण्यावर होती? सौर बंबाला मिळकतकरात सवलत आहे, पण ती आमच्यासारख्या गच्चीवाल्यांना.

मावशींना विचारलं, असा बंब मिळाला तर घ्याल का? म्हणाल्या, "हप्त्याने असेल तर घेईन. पण ठेवू कुठं? बोळात ठेवला तर रात्रीत भंगारात जाईल." हे माझ्या यादीत नव्हतं.

अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे, सही केलेली नाही. रविवारी सोसायटीची बैठक आहे. चुली बंद करा या ओळीच्या जागी मी दुसरी ओळ सुचवणार आहे: वस्तीत दर काही घरांमागे कुलूपबंद जागेत सामाईक बंब, नाहीतर सौर पाणीतापक, प्रभागाच्या निधीतून. कुणी पत्र्याचं काम करणारे किंवा असा बंब घडवलेले असाल तर खाली लिहा, मी बैठकीआधी भेटायला येतो.