झाक-लुई दाविद : क्रांतीचा आणि सम्राटाचा चित्रकार

झाक-लुई दाविद (३० ऑगस्ट १७४८ – २९ डिसेंबर १८२५) हा फ्रेंच नवअभिजाततावादी चित्रकलेचा प्रमुख प्रवर्तक मानला जातो. प्राचीन ग्रीक-रोमन कलेतील रेखीवपणा, संयम आणि नैतिक गांभीर्य पुन्हा चित्रकलेत आणणे हे या पंथाचे उद्दिष्ट होते. दाविदने राजासाठी, क्रांतिकारकांसाठी आणि पुढे नेपोलियनसाठीही चित्रे काढली. त्यामुळे त्याच्या चित्रांचा विचार करताना फ्रान्सच्या राजकारणाला वगळता येत नाही.

बालपण व शिक्षण

दाविदचा जन्म पॅरिसमध्ये झाला. तो नऊ वर्षांचा असताना वडील द्वंद्वयुद्धात मारले गेले आणि वास्तुविशारद असलेल्या मामांनी त्याला सांभाळले. प्रसिद्ध चित्रकार बुशे हा त्याच्या आईच्या नात्यातला. परंतु बुशेची नाजूक, शृंगारिक रोकोको शैली तेव्हा मागे पडू लागली होती. त्याने दाविदला झोझेफ-मारी व्हिएँ या चित्रकाराकडे शिकायला पाठवले.

रोमला जाऊन शिकण्याची संधी देणारे ‘प्री द रोम’ हे पारितोषिक मिळवण्यासाठी दाविदला अनेकदा प्रयत्न करावे लागले. १७७२च्या अपयशानंतर त्याने अन्नत्याग करून जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेर १७७४मध्ये त्याला पारितोषिक मिळाले. रोममधील पाच वर्षांत त्याने प्राचीन शिल्पांची असंख्य रेखाटने केली. पुढची अनेक वर्षे ही शिदोरी त्याला पुरली.

‘होरेशी बंधूंची शपथ’

१७८५च्या सलॉन प्रदर्शनात मांडलेल्या या चित्राने दाविदला युरोपभर कीर्ती मिळवून दिली. रोमच्या रक्षणासाठी लढायला निघालेले तीन भाऊ वडिलांसमोर हात उंचावून शपथ घेत आहेत. वडिलांच्या हातात तलवारी आहेत. उजवीकडे बसलेल्या स्त्रिया मात्र शोकात बुडाल्या आहेत, कारण त्यांच्यातली एक शत्रूच्या घराण्यातून आलेली सून आहे, तर दुसरीचा विवाह शत्रूपक्षातल्या तरुणाशी ठरला आहे. कोणीही जिंकले तरी त्यांच्या वाट्याला दुःखच येणार आहे.

मागच्या तीन कमानींमुळे चित्राचे तीन सरळ भाग पडतात. पुरुषांच्या आकृती ताठ रेषांत, तर स्त्रियांच्या वळणदार रेषांत रेखाटल्या आहेत. पार्श्वभूमीत अनावश्यक असे काहीच नाही. हे चित्र राजदरबारासाठी काढले होते, तरी पुढे लोकांनी त्यात क्रांतीच्या त्यागाचे आवाहन पाहिले.

क्रांती आणि ‘माराचा मृत्यू’

१७८९च्या क्रांतीनंतर दाविद राजकारणात उतरला. राष्ट्रीय परिषदेचा सदस्य या नात्याने त्याने जानेवारी १७९३मध्ये सोळाव्या लुईच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिले. राजनिष्ठ असलेल्या त्याच्या पत्नीने पुढे त्याच्यापासून घटस्फोट घेतला. पोलिसी अधिकार असलेल्या सुरक्षा समितीचा सदस्य म्हणून दाविदने अनेकांच्या अटकेच्या हुकमांवर सह्या केल्या. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याची पत्नी यांचे सुंदर व्यक्तिचित्र त्याने १७८८मध्ये काढले होते. १७९४मध्ये, दाविद ज्या राजवटीचा भाग होता तिच्याच काळात, लाव्हाझिएचा गिलोटिनखाली वध झाला.

१३ जुलै १७९३ रोजी क्रांतिकारी नेता व पत्रकार मारा याचा शार्लोट कोर्दे या तरुणीने खून केला. त्वचारोगामुळे मारा टबमध्ये बसूनच काम करत असे. दाविदने तोच क्षण निवडला, पण चित्रात मारेकरी नाही, आरडाओरडा नाही आणि रोगाच्या खुणाही नाहीत. एका बाजूला कललेला देह, हातात कोर्देचे पत्र, जमिनीवर सुरी आणि वर अर्धे चित्र व्यापणारी रिकामी भिंत. ख्रिस्ताच्या मृतदेहाच्या चित्रांची आठवण करून देणारी ही मांडणी माराला हुतात्मा बनवते. प्रचारासाठी काढलेले हे चित्र आजही कलाकृती म्हणून टिकून आहे. ते सध्या ब्रुसेल्समध्ये आहे.

तुरुंग ते साम्राज्य

जुलै १७९४मध्ये रोबेस्पिअरची सत्ता कोसळली आणि त्याचा निकटचा सहकारी असलेल्या दाविदला दोनदा तुरुंगवास घडला. यापुढे माणसांना नव्हे, तर तत्त्वांनाच बांधील राहू, अशी ग्वाही त्याने दिली. या काळात त्याची पत्नी मदतीला धावली आणि दोघांनी पुन्हा विवाह केला. १७९९मध्ये पूर्ण झालेल्या ‘सॅबाइन स्त्रिया’ या चित्रात पती आणि पिता यांच्या युद्धात मध्ये पडणाऱ्या स्त्रिया दिसतात. रक्तपाताने थकलेल्या देशाला त्यात समेटाचा संदेश दिसला.

लवकरच दाविद नेपोलियनकडे ओढला गेला. आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनला त्याने उधळलेल्या घोड्यावर बसवले. प्रत्यक्षात तो प्रवास खेचरावरून झाला होता. जवळपास दहा मीटर रुंदीच्या ‘राज्याभिषेक’ या चित्रात नेपोलियनची आईही आसनस्थ दिसते, जरी ती त्या समारंभाला हजर नव्हती.

अखेर व वारसा

नेपोलियनच्या पाडावानंतर राजाच्या मृत्युदंडाला मत देणाऱ्यांना हद्दपार करण्यात आले. दाविद १८१६मध्ये ब्रुसेल्सला गेला आणि तिथेच वारला. त्याचा देह फ्रान्समध्ये आणायला परवानगी मिळाली नाही. ग्रो, जिरोदे, जेरार आणि अँग्र हे त्याचे शिष्य. त्यांच्यापैकी काहींच्या चित्रांतून पुढे स्वच्छंदतावादाची चाहूल लागली.

दाविदची निष्ठा बदलत गेली, पण चित्राची शिस्त बदलली नाही. ज्या कौशल्याने त्याने त्यागाला रूप दिले, त्याच कौशल्याने सत्तेलाही तेज चढवले. म्हणूनच त्याची चित्रे पाहताना त्यात काय दाखवले आहे याइतकेच काय गाळले आहे, हेही पाहावे लागते.