मोटारींच्या शर्यती आणि त्यांचा प्रेक्षक

मोटारींच्या शर्यतींचा छंद असणाऱ्या सुशिक्षित तरुणांशीं आज कोणी बोलूं लागला, तर छंदापेक्षां तक्रारीचाच सूर त्यास अधिक ऐकूं येतो. ज्या मोटारींचीं चाकें अंगाबाहेर उघडीं असतात आणि ज्यांत एकटा चालक जवळजवळ निजल्यासारखा बसतो, त्या 'फॉर्म्युला वन' नांवाच्या शर्यतींविषयीं ही तक्रार विशेष तीव्र आहे. तिकिटें फार महाग. इतके पैसे भरून गेलें तरी मोटार डोळ्यांपुढून दोन-तीन सेकंदांत निघून जाते. पुढें कोण व मागें कोण हें कळण्यासाठीं तेथेंहि पडद्याकडेच पाहावें लागतें. आणि पुष्कळदां पहिल्या वळणावर जो पुढें, तोच शेवटीं पुढें. घरांतील वडील मंडळी हें ऐकून हंसतात. श्रीमंतांच्या खेळाची ही श्रीमंती रड आहे असें त्यांस वाटतें. आम्हांस मात्र ह्या तक्रारीच्या पाठीमागें एक मोठा इतिहास दिसतो, आणि तो इतिहास आपल्या नाशिकच्या रस्त्यावरूनहि गेलेला आहे.

शर्यत पाहणें हें महाराष्ट्रास नवें नाहीं. गांवच्या यात्रेंत बैलगाड्यांच्या शर्यती होत आल्या, तेथें तिकीट नव्हतें व आसनांची प्रतवारीहि नव्हती. पाहणाऱ्यास बैलाचें नांव, त्याचा धनी, त्याचें गांव आणि मागल्या वर्षींची त्याची धांव तोंडपाठ असे. ह्या शर्यतींत मुक्या जनावरांचे हाल होतात हा आक्षेपहि खराच होता. त्यावरूनच २०१४ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्या बंद केल्या. २०१७ मध्यें महाराष्ट्र सरकारनें कायद्यांत दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. न्यायाचा तो प्रश्न येथें बाजूस ठेवूं. येथें लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, मराठी माणसाच्या मनांत शर्यतीची जी कल्पना आहे तींत प्रेक्षक हा पैसे देऊन आलेला परका नाहीं. तो यात्रेचाच एक भाग आहे.

मोटारींच्या शर्यतींचा आरंभहि असाच उघड्या रस्त्यावर झाला. १८९४ च्या जुलैंत पॅरिसहून रूआँपर्यंत मोटारींची जी पहिली प्रसिद्ध चढाओढ झाली, ती एका वृत्तपत्रानें भरविली होती. रस्ता सर्वांचा, म्हणून शर्यतहि सर्वांची. शेतकरी बांधावर उभा राही, मुलें झाडांवर चढत, आणि धुळीचा लोट दिसला कीं गलका होई. आपल्याकडेंहि १९०८ मध्यें मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी घेण्यांत आली. वाटेंत सहा घाट होते व अंतर सहाशें मैलांहून अधिक होतें. तींत 'पर्ल ऑफ द ईस्ट' नांवाची रोल्स-रॉईस गाजली, आणि पुढें ती ग्वाल्हेरच्या महाराजांनीं विकत घेतली. ती वेगाची शर्यत नव्हती. यंत्र न थांबतां घाट चढतें कीं नाहीं हें पाहावयाचें होतें. तरी ज्यांनीं तोंवर मोटार पाहिलीहि नव्हती, अशा किती लोकांच्या दारावरून ती त्या दिवसांत गेली असेल!

ह्या उघड्या रस्त्याच्या परंपरेंतील एक मोठा प्रसंग नाशिकच्या वाट्यास आला तो १९६८ मध्यें. त्या वर्षीं २४ नोव्हेंबरला लंडनहून सिडनीकडे ९८ मोटारी निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा प्रवास करून त्या दिल्लीस आल्या, आणि तेथून आग्रा व इंदूर ह्या मार्गानें मुंबईस निघाल्या. म्हणजे आपण ज्यास आग्रा रोड म्हणतों त्याच रस्त्यानें, धुळ्यावरून, नाशिकवरून, कसारा घाट उतरून. मुंबईस ७२ मोटारी पोंचल्या व 'चुसान' ह्या आगबोटीनें त्या ऑस्ट्रेलियाकडे गेल्या. मुंबईपर्यंत इंग्रज चालक रॉजर क्लार्क आघाडीवर होता. शेवटीं मात्र जिंकला अँड्र्यू कोवन, आपल्या साध्या हिलमन हंटर गाडींत. भारतांतील रस्त्यांवर उसळलेल्या गर्दीची वर्णनें त्या स्पर्धकांनीं लिहून ठेवलीं आहेत. कित्येकांस त्या गर्दीची धास्तीच वाटली. रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या माणसास जगांतील नामांकित चालक एका हातावरून जातांना दिसत होते, आणि त्यासाठीं त्यास एक पैहि मोजावी लागत नव्हती.

चालकांस वाटलेली धास्ती मात्र खोटी नव्हती. उघड्या रस्त्यावरील शर्यतीची किंमत प्रेक्षकांनींच पूर्वीं मोजली होती. १९०३ च्या मे महिन्यांत पॅरिसहून माद्रिदकडे निघालेली शर्यत इतके अपघात झाल्यामुळें बोर्दो येथेंच थांबवावी लागली; मेलेल्यांत चालकांबरोबर पाहणारेहि होते. पुढें १९०७ मध्यें इंग्लंडांत ब्रूकलंड्‌स येथें शर्यतीसाठीं मुद्दाम बांधलेला बंदिस्त मार्ग सुरू झाला. पण बंदिस्त मार्ग म्हणजे सुरक्षित मार्ग असेंहि नव्हे. १९५५ मध्यें फ्रान्सांत ल माँ येथें एक मोटार उसळून गर्दींत घुसली आणि ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. त्यानंतर प्रेक्षक व मोटार यांमध्यें भिंती, जाळ्या आणि मोकळें अंतर हीं वाढतच गेलीं. हें कुंपण न्याय्य होतें, व त्याविरुद्ध कोणीहि शहाणा माणूस बोलणार नाहीं.

परंतु ह्या देवघेवीची दुसरी बाजू विसरली गेली. प्रेक्षकानें रस्ता सोडला, दूर उभें राहण्याचें कबूल केलें, वर तिकिटाचे पैसेहि देऊं केले. त्याच्या मोबदल्यांत त्यास नीट दिसावें, शर्यत खरोखरीची व्हावी, आणि त्याचा मान राखला जावा, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हती. आपल्या देशांत आरंभीं ती बरीचशी पुरी झाली. मुंबईस जुहूच्या विमानतळावर आणि मद्रासजवळ शोलावरम येथील युद्धकाळांतील धांवपट्टीवर ज्या शर्यती भरत, त्या साध्या होत्या. सपाट जागेमुळें पुष्कळ दूरपर्यंत नजर पोंचे, व यंत्र उघडून बसलेला चालक हा कांहीं देवलोकचा पुरुष वाटत नसे. पुढें १९९० च्या सुमारास मद्रासजवळच इरुंगाट्टुकोट्टै येथें कायमचा मार्ग झाला.

जगांतील अव्वल शर्यत भारतांत आली ती ३० ऑक्टोबर २०११ रोजीं, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें. हर्मन टिल्के ह्या जर्मन स्थापत्यकारानें आंखलेला हा बुद्ध मार्ग ५.१२५ किलोमीटरांचा असून शर्यत ६० फेऱ्यांची होती. तिकिटें अडीच हजारांपासून पस्तीस हजार रुपयांपर्यंत होतीं. पहिल्याच सरावाच्या वेळीं एक भटका कुत्रा मार्गावर आला व सराव थांबवावा लागला. जगभर त्याचा उपहास झाला. तरी पहिल्या वर्षीं सुमारें ९५,००० लोक लोटले. नारायण कार्तिकेयन हा आपला चालक दुबळ्या गाडींत सतरावा आला, आणि त्यासाठींहि टाळ्या वाजल्या. तिसऱ्या वर्षीं मात्र गर्दी साठ हजारांच्या आसपास उतरली, आणि २०१३ नंतर ही शर्यत तेथें पुन्हां झाली नाहीं.

असें कां झालें? ह्याचें एक उत्तर सरकारदरबारीं सांपडतें. केंद्रीय क्रीडा खात्याच्या मतें ही क्रीडा नसून व्यापारी करमणूक होती. उत्तर प्रदेश सरकारनें करमणूक-कर माफ केला, तेव्हां त्याविरुद्ध याचिका झाली, आणि तिकिटविक्रीच्या २५ टक्के रक्कम निराळ्या खात्यांत ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला. पुढें २०१७ च्या एप्रिलांत त्याच न्यायालयानें शर्यतीच्या परदेशी मालक कंपनीस येथें प्राप्तिकर लागू होतो असा निर्णय दिला. क्रीडा कीं करमणूक, कर कीं माफी, मालक देशी कीं परदेशी, यांवर वर्षानुवर्षें वाद झाला. ह्या सर्व वादांत पक्षकार पुष्कळ होते. ज्यानें रांगेंत उभें राहून तिकीट घेतलें तो मात्र कोणाचाच पक्षकार नव्हता.

त्याची जागा कोठें आहे हें २७ ऑक्टोबर २०१३ च्या एका लहानशा प्रसंगानें स्पष्ट दिसलें. जर्मन चालक सेबास्टियन वेटेल यानें येथील तिन्ही शर्यती जिंकल्या होत्या, व त्या दिवशीं त्याचें ओळीनें चौथें जगज्जेतेपद निश्चित झालें. नियमाप्रमाणें मोटार तपासणीच्या आवारांत न नेतां त्यानें ती मुख्य आसनांसमोर आणली, धूर काढीत तेथल्या तेथें गरगर फिरविली, खालीं उतरून मोटारीस नमस्कार केला आणि हातमोजे प्रेक्षकांकडे फेंकले. तीन वर्षांत लोकांच्या इतक्या जवळ दुसरें कांहीं झालें नव्हतें. ह्याबद्दल त्यास ठपका मिळाला व त्याच्या संघास २५,००० युरो दंड झाला. नियम आवश्यक असतात, हें आम्ही जाणतों. पण ज्या खेळानें प्रेक्षकांना केलेल्या अभिवादनास दंडाच्या सदरांत घातलें, त्याचें लक्ष कोणाकडे होतें हें निराळें सांगावयास नको.

शर्यत मिरवणुकीसारखी कां होते, ह्याचें कारण मात्र यंत्रशास्त्रांत आहे. ह्या मोटारींचे पुढचे-मागचे पंख हवेच्या दाबानें मोटारीस जमिनीशीं घट्ट धरून ठेवतात. पण पुढची मोटार हवा घुसळून मागें सोडते, आणि त्या गढूळ हवेंत मागच्या मोटारीचे पंख नीट काम करीत नाहींत. उघडीं फिरणारीं चाकें ह्या घुसळणींत भरच घालतात. नियमकर्त्यांच्याच हिशोबाप्रमाणें २०२१ पर्यंतच्या मोटारींत वीस मीटर मागें असलेल्या मोटारीचा ३५ टक्के दाब नाहींसा होई. म्हणजे जो अधिक वेगवान, तोच जवळ आला कीं लंगडा होतो. ह्यावर उपाय म्हणून २०११ पासून २०२५ पर्यंत मागच्या चालकास ठराविक ठिकाणीं पंखाची फट उघडण्याची मुभा होती. त्यामुळें मागें टाकणें वाढलें, पण पुष्कळ रसिकांस तें ओढूनताणून आणलेलें वाटलें. २०१४ पासून इंजिनें बदलून विजेची जोड वाढली. इंधन वांचलें, पण आवाज इतका मंद झाला कीं मैदानावर जाण्याचें मुख्य कारणच गेलें असें कित्येक म्हणाले. आवाजाचा हा शोक आम्हांस फारसा पटत नाहीं; इंधनाची बचत ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मागचा पुढच्यास गांठूं शकत नाहीं ही तक्रार शर्यतीच्या मुळाशींच जाते.

सर्वांत कडू अनुभव तर मान न राखल्याचे आहेत. २९ ऑगस्ट २०२१ रोजीं बेल्जममध्यें स्पा येथें लोक तासन्‌तास पावसांत उभे राहिले. शेवटीं संरक्षक मोटारीच्या पाठोपाठ मोजक्या फेऱ्या काढून तीस शर्यत म्हणण्यांत आलें व अर्धे गुण वांटले गेले. कोणीहि कोणास मागें टाकलें नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंत लास व्हेगास येथें रस्त्यावरील एक झांकण उखडून सराव आठ-नऊ मिनिटांत थांबला. दुसरा सराव पहांटे अडीच वाजतां झाला, पण त्यापूर्वींच प्रेक्षकांस बाहेर काढण्यांत आलें होतें. एका दिवसाचें तिकीट घेतलेल्यांपुढें शर्यतीच्याच दुकानांतील दोनशें डॉलरांच्या खरेदीची चिठ्ठी ठेवण्यांत आली.

ह्यावर असें म्हणतां येईल कीं, आज ही शर्यत मुख्यतः दूरचित्रवाणीवर पाहिली जाते. जगांतील कोट्यवधि लोकांच्या तुलनेंत मैदानावरचे लाखभर कशाच्या हिशोबांत? हा युक्तिवाद व्यवहाराचा आहे, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. घरीं बसलेल्यास प्रत्येक वळण दिसतें, आंकडे दिसतात, चालकाचें बोलणेंहि ऐकूं येतें. पण रिकाम्या आसनांसमोरची शर्यत घरच्या प्रेक्षकासहि बेचव लागते, हें त्यानेंच कबूल केलें आहे. मैदानावरचा प्रेक्षक हा त्या चित्राचा जीव आहे. आणि त्याच्याकडून मात्र त्याबद्दल पैसे घेतले जातात.

नाशिकची स्थिति तर आणखी विलक्षण आहे. आमच्या सातपूरच्या महिंद्र कारखान्यांत मोटारी तयार होतात, आणि त्याच उद्योगसमूहाचा संघ विजेवर चालणाऱ्या उघड्या चाकांच्या 'फॉर्म्युला ई' ह्या मालिकेंत २०१४ पासून, म्हणजे तिच्या पहिल्याच मोसमापासून उतरला. २०१७ मध्यें त्यानें बर्लिन येथें आपली पहिली शर्यत जिंकली. ह्या संघास घरच्या भूमीवर पाहण्याची संधि आली ती ११ फेब्रुवारी २०२३ रोजीं हैदराबादेस. पुढल्या वर्षींची तेथील शर्यत ठरली होती, पण २०२४ च्या जानेवारींत ती रद्द झाली. ज्यांनीं बेत आंखले होते त्यांची पुन्हां निराशा झाली.

ह्याच्या उलट, २०१० नंतरच्या दशकांत राष्ट्रीय रॅली-मालिकेची महाराष्ट्रांतील फेरी नाशिकच्या आसपास भरली आहे. रॅलींत एकेक मोटार काळवेळ मोजीत कच्च्या रस्त्यावरून सुटते. अंतर राखून, स्वयंसेवकांचें ऐकून, माणूस एखाद्या टेकाडावर उभा राहिला तर चालक वळण कसें घेतो, कोठें घसरतो, कोठें सांवरतो हें सर्व त्यास उघड्या डोळ्यांनीं दिसतें. बक्षिसें थोडीं, कीर्ति थोडी. तरी पाहणाऱ्याच्या दृष्टीनें ही शर्यत अधिक पुरी आहे.

उघड्या रस्त्याचे ते दिवस परत यावे असें आम्ही म्हणत नाहीं. १९०३ व १९५५ चे मृत्यु विसरून तसें म्हणणें निर्दयपणाचें होईल. मागणी लहान आहे. शर्यत झाली नाहीं तर पैसे परत मिळावे. मध्यम प्राप्तीच्या कुटुंबास परवडतील अशा कांहीं जागा, जेथून खरोखर वळण दिसतें अशा, राखून ठेवाव्या. मोटारी एकमेकींस गांठूं शकतील असेच नियम आधीं ठरावे. आणि जिंकलेल्या चालकानें लोकांसमोर येऊन नमस्कार केला, तर त्यावर दंड नसावा. भारतांत ही शर्यत पुन्हां आणण्याच्या गोष्टी अधूनमधून निघतात. तेव्हां कराचा व जागेचा विचार होईलच. आग्रा रोडच्या कडेला १९६८ सालीं जो माणूस मोटारींची वाट पाहत उभा होता, त्याच्या नातवासाठीं कोठें जागा ठेवली आहे, हा प्रश्नहि त्याच बैठकींत विचारला जावा.