नायट्रेट, मत्स्यालयातील

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात माशांची विष्ठा व उरलेले खाद्य कुजून साठणारे अंतिम नत्रसंयुग. कुजण्यातून निघणाऱ्या अमोनियाचे जीवाणू प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट बनवतात. पहिली दोन अत्यंत विषारी. नायट्रेट सौम्य, पण फिल्टर ते काढत नाही. साधारणपणे ते लिटरला ४० मिग्रॅ.च्या आत, शक्यतो २० मिग्रॅ.च्या आसपास ठेवतात. त्यापुढे शेवाळ माजते, मासे मंदावतात.

मुख्य उपाय पाणी बदलणे हाच. हजार लिटरच्या टाकीत नायट्रेट ८० मिग्रॅ. असेल आणि १० मिग्रॅ.चे २५० लिटर पाणी बदलले, तर ते ६२.५ वर येते. म्हणजे एका खेपेत भागत नाही. एकदम सगळे पाणी बदलणे मात्र माशांना सोसत नाही. नवे पाणी कुठले, हेही पाहावे. उदाहरणार्थ, नाशिक शहराच्या नळाला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी येते. त्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने घालवावे. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षपट्ट्यात खतांचे नायट्रेट विहिरी-बोअरमध्ये झिरपू शकते, म्हणून ते पाणी आधी तपासावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ४५ मिग्रॅ. नायट्रेट चालते, तेव्हा पिण्यायोग्य पाणीही टाकीसाठी अयोग्य ठरू शकते. अशा वेळी त्यात आरओचे पाणी मिसळावे. निव्वळ आरओ नको, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात.

मुळे पाण्यात सोडलेला मनी प्लांट नायट्रेट शोषतो, पण मोठ्या टाकीत तो केवळ हातभार. खरा लगाम खाद्यावर हवा. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट वाढते.