कोसबाडचे पाळणाघर

1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत केलेले काम त्यांच्या गाठीशी होते. पण आदिवासी वस्तीतली मुले केंद्रात येईनात. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ वस्तीतच गेल्या. अंगणात मुलांना आंघोळ घातली, शंखशिंपले आणि बिया मांडून मोजणी शिकवली. अंगणवाडी जन्मली ती अशी. त्याच वर्षी त्याच टापूत वेठ आणि लग्नगडीच्या प्रथेविरुद्ध वारली आदिवासींचा उठाव झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबत, त्यांच्या मुलांचे भवितव्य जन्माआधीच गहाण पडलेले असे.

पुढे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडला हलले आणि तिथे खरी गोष्ट उलगडली. गरिबी मुलाच्या बुद्धीत नव्हे, घरातल्या कामाच्या वाटणीत ठाण मांडून असते. आईबाप मजुरीला गेले की तान्हे भावंड थोरल्या मुलीच्या कडेवर येते आणि तिची शाळा तिथेच सुटते. म्हणून तिथल्या विकासवाडी या संकुलात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माझ्या मते यातली सर्वांत मोलाची कल्पना पाळणाघराची. एका पाळण्याने दोन मुलांचे बालपण मोकळे केले.

आधी जमीन आणि मजुरी द्या, खेळणी नंतर, असा आक्षेप घेता येतो. वेठ मोडल्याशिवाय बालवाडी पुरत नाही, हे खरेच. पण वाढीची पहिली वर्षे कोणत्याही लढ्याच्या निकालासाठी थांबत नाहीत. लवकर मिळालेला लाभ पुढे विरतो, असेही म्हणतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलान्टी गावी 1962 पासून 123 गरीब कृष्णवर्णीय मुलांवर झालेल्या पेरी बालशाळेच्या प्रयोगात बुद्ध्यंकाची आघाडी काही वर्षांतच ओसरली होती. तरीही चाळिशीत बालशाळेतल्यांची नोकरी आणि कमाई इतरांपेक्षा चांगली होती, अटकाही कमी झाल्या होत्या. नमुना लहान आहे, पण केवळ बुद्ध्यंक पाहून निकाल देऊ नये एवढे त्यातून नक्की कळते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनिशी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण आणि आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा ठरल्या. त्यात दिवसभराचे पाळणाघर नव्हते. अंगणवाडी काही तासांनी सुटते, आईची मजुरी संध्याकाळी सुटते. मधला वेळ थोरल्या मुलीच्याच वाट्याला येतो.