परस्परसाहाय्यक धर्मादाय संस्थेची नोंदणी

आजारपण, मृत्यू, शिक्षण वा आपत्ती अशा प्रसंगी मदत करण्यासाठी स्थापन झालेल्या मंडळाला कायदेशीर मान्यता मिळवून देणारी प्रक्रिया. महाराष्ट्रात अशा मंडळाची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम, 1860 नुसार होते. त्यासाठी किमान 7 सभासद लागतात. नाव, उद्देश व कार्यकारी मंडळ नमूद केलेले विधानपत्र आणि नियमावली निबंधकाकडे दाखल करावी लागते. उद्देश धर्मादाय असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 अन्वये सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी आवश्यक ठरते. म्हणून एकाच संस्थेला सहसा दोन नोंदणी क्रमांक असतात.

1950 च्या अधिनियमाच्या कलम 9 नुसार दारिद्र्य वा दुःखाचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य इत्यादी हेतू धर्मादाय होत. मात्र लाभ लोकांना वा त्यांच्या एखाद्या वर्गाला मिळायला हवा. केवळ वर्गणीदार सभासदांपुरती मदत या व्याख्येत सहसा बसत नाही. अशा मंडळांना सहकारी संस्थेचा पर्याय असतो.

नोंदणीमुळे संस्थेची मालमत्ता सभासदांच्या खाजगी मालमत्तेहून वेगळी ठरते. तथापि 1860 च्या अधिनियमाखालील संस्था ही पूर्णार्थाने निगम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने तिब्बिया महाविद्यालय प्रकरणात (1961) म्हटले आहे. विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. विसर्जनास तीन-पंचमांश सभासदांची संमती हवी. उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते.