कृषि प्रदर्शने
शेतमाल, पशुधन, अवजारे, बी-बियाणे व शेतीविषयक नवे ज्ञान एकत्र मांडून त्यांची तुलना, परीक्षण व प्रसार व्हावा, या हेतूने भरविण्यात येणारी प्रदर्शने. जनावरांचे बाजार व जत्रा यांची परंपरा प्राचीन असली, तरी त्यांत खरेदी-विक्रीस प्राधान्य असते. उत्तम काय ते परीक्षकांनी ठरवावे, त्यास बक्षीस द्यावे आणि इतरांनी ते पाहून आपली शेती सुधारावी, ही कल्पना मुख्यत्वे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील कृषिसंस्थांनी रुजविली. बाथ येथील संस्था १७७७ मध्ये, तर स्कॉटलंडमधील हायलँड सोसायटी १७८४ मध्ये स्थापन झाली. हायलँड सोसायटीचे पहिले प्रदर्शन १८२२ मध्ये एडिंबरोत भरले.

इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीची स्थापना १८३८ मध्ये झाली. तिचे पहिले प्रदर्शन ऑक्सफर्ड येथे १८३९ मध्ये भरले व त्यानंतर ते वेगवेगळ्या शहरी जाऊ लागले. रेल्वेमुळे जनावरे, यंत्रे व प्रेक्षक यांची ने-आण सुकर झाली. येथील बक्षिसांमुळे जातिवंत पशूंची लक्षणे निश्चित होण्यास मदत झाली. मात्र बक्षिसासाठी जनावरे अवाजवी लठ्ठ करण्याची प्रथा पडली व तीवर टीकाही झाली. अवजारांच्या बाबतीत प्रत्यक्ष शेतात चाचणी घेण्याची पद्धत अधिक उपयुक्त ठरली. १८५८ मध्ये चेस्टर येथे जॉन फाउलर यांच्या वाफेच्या नांगरास ५०० पौंडांचे बक्षीस मिळाले. अमेरिकेत एल्काना वॉटसन यांनी १८०७ मध्ये पिट्सफील्ड येथे दोन मेरिनो मेंढ्या लोकांपुढे मांडल्या आणि १८१० मध्ये तेथे पशुप्रदर्शन भरविले. पुढे घरगुती विणकाम, शर्यती व करमणूक यांनाही स्थान मिळाले आणि प्रदर्शनास कौटुंबिक जत्रेचे रूप आले.

भारतात कलकत्त्याजवळ अलीपूर येथे १८६४ मध्ये व नागपूर येथे १८६५ मध्ये मोठी प्रदर्शने भरली. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) भारतीय कापसाला मागणी वाढलेली असल्याने निर्यातयोग्य मालाकडे शासनाचे विशेष लक्ष होते. महाराष्ट्रात पुसेगाव व माळेगाव यांसारख्या यात्रांतील जनावरांचे बाजार मात्र शेतकऱ्यांचे स्वतःचे राहिले. खिलार, लाल कंधारी इ. गुरांची पारख तेथे जाणते शेतकरीच करीत आले आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळात पंजाबराव देशमुख यांच्या पुढाकाराने भारत कृषक समाजाने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषि प्रदर्शन भरविले. उद्‌घाटनास अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर उपस्थित होते. अमेरिका व सोव्हिएट रशिया या दोघांचीही दालने तेथे असल्याने शेतीबरोबरच दोन राज्यव्यवस्थांचीही तुलना प्रेक्षकांपुढे आली. पुढे कृषि विद्यापीठांच्या मेळाव्यांनी व शिवार फेऱ्यांनी संशोधन केंद्रातील वाण व पद्धती प्रत्यक्ष पिकात दाखविण्यास प्रारंभ केला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे, रसायने व बियाणे यांच्या उत्पादकांचे महत्त्व वाढले. इंग्लंडचे रॉयल प्रदर्शन १९६३ पासून स्टोनली येथे कायमस्वरूपी स्थिरावले. परंतु शेतीवर जगणाऱ्यांची घटलेली संख्या व विशेषीकृत प्रदर्शनांची स्पर्धा यांमुळे २००९ नंतर ते बंद पडले. ग्रेट यॉर्कशरसारखी प्रदर्शने मात्र पशुस्पर्धांबरोबर शहरी कुटुंबांना ग्रामजीवनाचा परिचय करून देत टिकून आहेत.

भारतातील आजच्या प्रदर्शनांत ठिबक सिंचन, ट्रॅक्टर, ड्रोन व कर्जयोजना यांची दालने मोठी असतात. पूर्वी माल मांडणारा व त्याचे परीक्षण करणारा हे भिन्न असत. आता पुष्कळदा विक्रेताच आपल्या मालाचे गुण सांगतो. चुकीच्या खरेदीने अल्पभूधारकाचा एक हंगाम वाया जाऊ शकतो. त्यामुळे बारामती येथील प्रदर्शनाप्रमाणे उभ्या पिकातील प्रात्यक्षिके आणि विद्यापीठांच्या निःपक्षपाती चाचण्या यांचे महत्त्व वाढले आहे. वाण कोणत्या जमिनीत, किती पाण्यात व किती खर्चात पिकला, ही माहिती दालनाबरोबरच मिळाली, तरच प्रदर्शनाचा मूळ शैक्षणिक हेतू सफल होतो.